संशय बियाण्यावर, पाप माझ्या पोटात

मी एक जुना फवारणी पंप आहे. कुहीजवळच्या खेड्यात कवडूभाऊंच्या पाठीवर बारा वर्षं काढली. निळा रंग उडाला, पट्टा दोनदा बदलला, आणि स्वभाव म्हणाल तर पक्का संशयी! ज्याच्या पोटात रोज नवं औषध ओततात, तो कोणावर विश्वास ठेवणार?

मित्रांनो, आमच्या गावाचाही बीटी कपाशीवर असाच संशय. पेरतात सगळे, पण बियाण्याच्या आत नेमकं काय बदललंय, ते कोणालाच सांगता येत नाही. कोणी म्हणे जमीन नासते, कोणी म्हणे बैल आजारी पडतो. दुकानदाराला विचारावं, तर तो नुसतं पाकीट पुढे सरकवतो.

यंदा शेजारच्या भूपेशने धानातलं तण मारायला मला मागून नेलं. काम झालं, तसंच आणून टेकवलं. विसळलंसुद्धा नाही! दुसऱ्या दिवशी कवडूभाऊंनी माझ्यात तुडतुड्यांचं औषध भरलं आणि कपाशीवर फवारलं. मला सगळं ठाऊक होतं हो, पण सांगू कसा?

आठवड्यात पानं आकसून बोटांसारखी अरुंद झाली.

"बियाण्यातच खोट हाय," भूपेश म्हणाला. "जीन का काय ते, बिघडवून ठेवलं यायनं."

कवडूभाऊंचा चेहरा उतरला. वर्षाची सगळी भिस्त कपाशीच्या त्या दोन एकरांवर. "ढोरायनं खाल्लं तर? उपटूनच टाकतो," म्हणत ते भूपेशला घेऊन सकाळपासून झाडं उपटत सुटले. दुपारपर्यंत एक एकर उघडं पडलं.

तेवढ्यात त्यांची बायको अनुसयाताई शिदोरी घेऊन आल्या आणि बांधावरच थबकल्या.

"अवो, थांबा! ह्या चार ओळी चांगल्या काहून हायेत? बी तर एकाच पाकिटातलं."

"तिथं औषध पुरलं नाही," कवडूभाऊ म्हणाले.

"मंग बी वाईट कसं?" मी बांधावरच पडलो होतो; त्यांनी माझं झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं. "भूपेशभाऊ, पंप धुतला होता का जी?"

"नाही जी. तणाचं औषध आत तसंच राहिलं असंल," म्हणत भूपेशने हातातलं झाड खाली ठेवलं.

उरलेल्या एकराला पुढे नवी पालवी फुटली. अनुसयाताईंचा बीटीवरचा संशय मात्र गेलेला नाही. कृषी कार्यालयात जाऊन त्या सगळं विचारणार आहेत. विचारावंच! उपटलेला एकर काही परत उभा राहिला नाही, आणि त्याची टोचणी मला अजून आहे.

मित्रांनो, संशय खुशाल घ्या, पण झाडाला हात घालण्याआधी खात्री करा. तणनाशकाला वेगळा पंप ठेवा. नसेलच, तर मला साबणाच्या पाण्याने तीनदा धुवा. मला बोलता येत नाही. माझ्या पोटात काय उरलंय, ते आधी झाडांनाच कळतं.