प्रोसेसरवरचं कुंकू

कोपऱ्यातला तो त्रिकोण... तिळाएवढा, सोनेरी. चष्मा कपाळावर सरकवून धुडकू मास्तरांनी प्रोसेसर डोळ्यांच्या अगदी जवळ आणला, तेव्हा कुठे तो दिसला. हा त्रिकोण कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळला की प्रोसेसर आपल्या वजनानेच खाली बसतो, दाबावं लागत नाही, असं त्यांनी वाचलं होतं. दाबावं लागलं तर समजायचं, काहीतरी चुकतंय. धरायच्या त्या फक्त कडा. पोटाकडच्या सोनेरी ठिपक्यांना घाम लागता कामा नये – आणि माझे हात तर जन्माचे घामेजलेले. शाळेत तपासणीला साहेब आले की हातातला खडू ओला व्हायचा, फळ्यावर उमटायचाच नाही.

“आप्पा, तुमचं पेन द्या पूजेला,” सून म्हणाली. रंजनाने दसऱ्याचा पाट मांडला होता. विळी, कात्री, पक्कड, टेस्टर, मुलाच्या, गजेंद्रच्या, स्कूटरची चावी, घरात जे जे राबतं ते सगळं झेंडूच्या पाकळ्यांत मांडलेलं. दर वर्षी मास्तर आपलं पेन ठेवत. निवृत्तीनंतर त्याने काही लिहिलं नव्हतं, तरी ठेवत.

“यंदा पेन नको,” ते म्हणाले. “हे ठेव.”

रंजनाने प्रोसेसरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. हसली नाही. विळी थोडी सरकवून तिने जागा केली.

हसली असती तरी चाललं असतं, असं त्यांना वाटून गेलं. हसण्याची सवय होती. नात मयुरी शिकायला बडोद्याला गेली, तिचा जुना कॉम्प्युटर मागे राहिला, आणि त्यावर ट्रक चालवायचा एक खेळ. दुपारी घर रिकामं झालं की मास्तर दार लोटून घेत आणि ट्रक काढत. आयुष्यात कधी चाकाला हात लावला नव्हता त्यांनी – अमळनेरहून सुरतेला आले तेही एका टेम्पोच्या मागे, गाठोड्यांवर बसून, आणि मग चाळीसेक वर्षं कोणाच्या तरी पाठीमागेच बसून हिंडले, उतरताना माफी मागितल्यासारखे उतरले. आता मात्र बर्फाळ देशांतल्या रस्त्यांवरून अठरा चाकं त्यांच्या हुकमात धावत होती, कडेची देवदारांची झाडं मागे पळत होती... आणि नेमकं वळण आलं, समोरून चार गाड्या आल्या, की चित्र अडखळायचं. थांबायचं, उडी मारायचं, पुन्हा थांबायचं, आणि ट्रक खड्ड्यात.

किती महिने त्यांना वाटत राहिलं की हे आपलंच. आपली बोटं म्हातारी, आपल्याला वेळेवर काही सुचत नाही, आपलं हे नेहमीचंच. चित्र अडखळलं की ते एकट्याच्या खोलीत ओशाळून हसत. मयुरीच फोनवर म्हणाली, “आप्पा, तुमची कसली चूक? तुमचा प्रोसेसर दमतोय.” त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दमतोय. म्हणजे मी नव्हे.

मग वाचन सुरू झालं. शब्द अडले की मयुरीला विचारून, कोशात बघून, जसं एके काळी व्याकरण वाचलं होतं तसं. पडद्यावर चित्र रंगवतं ते ग्राफिक्स कार्ड. पण काय रंगवायचं, कुठली गाडी कुठवर आली, कुठलं चाक किती फिरलं, हे त्याला सांगतो प्रोसेसर. दोघांची चाल जुळली पाहिजे. सुरतेत आल्यावर कतारगामच्या खोलीत त्यांची बायको शोभा मागासाठी धाग्याच्या बॉबिनी भरायची ते त्यांना आठवलं... माग कितीही पळणारा आणा, बॉबिन वेळेवर आली नाही तर तो नुसता उभा. हे इतकं सोपं होतं, आणि तरी कोणाला सांगता येत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतः निवडलं: बेताचं कार्ड आणि त्याला पुरून उरेल असा प्रोसेसर. प्रोसेसर काल आला. कार्ड आणायला गजेंद्र सकाळीच गेला होता.

दारात जिलेबीचा वास आला आणि मागोमाग गजेंद्र. एका हातात फाफडा-जिलेबीची पुडी, काखेत खोकं – केवढं मोठं!

“देखा आप्पा! तीन पंखे! दिवे लागतात आतून, सात रंगांचे. अमोलच्या दुकानात याच्यापेक्षा भारी कार्ड नाही. तुमचं ते लहानसं कॅन्सल.”

“पण मी जे...”

“ऐका तर. बजेटचं सेटिंग केलं मी. हा प्रोसेसर परत देऊ, लहान घेऊ. तो काय, आत डब्यात राहणार. कोणाला दिसतोय?”

कोणाला दिसतोय! मास्तरांच्या तोंडाशी सगळं आलं होतं: मग तुझं हे मोठं कार्ड उभं राहील रे, तीन पंखे फिरवत, सात रंग दाखवत, आणि वळणावर ट्रक पुन्हा... बॉबिनीचं उदाहरणही तयार होतं, दोन वाक्यांत मावण्यासारखं. पण मुलाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता. त्याच्या एम्ब्रॉयडरीच्या मशीनला आज त्याने सकाळीच हार घातला होता, कपाळावर अजून त्याच पूजेचा टिळा होता. बापासाठी काही मोठं आणलं म्हणून तो फुलला होता. आणि मला तरी नक्की काय माहीत? वाचलेलंच ना सगळं. दुकानदार रोज हेच करतो.

“चांगलं आहे,” ते म्हणाले.

“आहेच! अमोलला फोन लावतो, दुपारी बदलून देईल.” गजेंद्र गॅलरीत गेला. खाली पर्वत पाटियाच्या चौकात हार घातलेले टेम्पो उभे होते, कोणीतरी उगाच हॉर्न वाजवत होतं.

पाटावर तो चौकोनी तुकडा तसाच होता. मास्तरांनी रंजनाच्या हळदीकुंकवाच्या कुयरीत बोट बुडवलं. आधी हळद, मग कुंकू – प्रोसेसरच्या धातूच्या पाठीवर, मधोमध. पुजलेली वस्तू दुकानदार घेणार नाही, गजेंद्र देणारही नाही. मग लक्षात आलं की त्या पाठीवर नाहीतरी उष्णता ओढून घेणारा लेप लावायचाच असतो, तिथे कुंकवाने काही बिघडत नाही, हे आपल्याला ठाऊक होतं. बंडातसुद्धा आपण बिनधोक जागा शोधली.

गजेंद्र आत आला. “अरे! ह्याले कुंकू कोणी लावं?” त्याने रंजनाकडे पाहिलं. “पुसून टाक ना. ओल्या फडक्यानं निघेल.”

रंजनाने सासऱ्यांच्या बोटाकडे पाहिलं. लाल. “पुजेल वस्तू दसऱ्याच्या दिवशी घराबाहेर काढता का?” ती शांतपणे म्हणाली. “तुमच्या मशीनची सुई काढून देशाल कोणाला, आज?”

गजेंद्र चुळबुळला. मशीनच्या बाबतीत तो फार पाळणारा. “नही देवाव... बरं, जाऊ दे. देवाच्या मनात नही तर नही. कार्डाचं बघू मग. आप्पा, जिलेबी घ्या.”

झालं होतं. जिंकलो होतो. जिलेबी गरम होती, तिचा तुकडा मोडता मोडता मास्तर थांबले... देवाच्या मनात. आधी साहेबांच्या मनात असायचं, मग हेडमास्तरांच्या, शोभा होती तेव्हा शोभाच्या. त्यांना स्वतःला काही हवं असलं की ते कोणाच्या तरी मनात घालून ठेवायचं आणि आपण बाजूला उभं राहायचं, गाठोड्यांवर. आज सून पाठीशी उभी राहिली, देव राहिला. आणि मी? मी कुठे आहे यात?

त्यांनी तुकडा ताटलीत ठेवला. खांद्यावरच्या पंच्याचं टोक थुंकीने ओलं केलं – रंजना “आप्पा, अहो!” म्हणाली – आणि प्रोसेसरवरचं कुंकू पुसलं. पुन्हा पुसलं. हळदीचा पिवळेपणा राहिला होता, तोही घासून काढला. मग धातूची ती कोरी, चकचकीत पाठ वर करून त्यांनी तो मुलासमोर धरला.

“आता देता येईल परत,” ते म्हणाले. “पण देऊ नको. देवाचं काही नाही यात. माले हाऊच जोयजे, मला हवा म्हणून. आणि कार्ड मी सांगितलं तेच.”

“आप्पा, पण भारी कार्ड आणलं मी तुमच्यासाठी...”

“माहीत आहे.”

“तुमले काय समजस त्यान्हामा?”

“थोडं समजतं.” आवाज कापला, कापू दिला. “चुकलो तर माझं चुकेल.”

गजेंद्रने खोकं स्वतःकडे ओढून घेतलं. तो रागावला होता की दुखावला होता, हे चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच मास्तरांनी ते ओळखायची घाई केली नाही. कदाचित तो दुपारी अमोलकडे जाईल, कदाचित जाणार नाही. कदाचित सगळं जुळेल आणि तरीही त्या बर्फातल्या वळणावर, चार गाड्या समोर आल्या की, चित्र अडखळेल – अडखळो. ते अडखळणं मी निवडलेलं असेल, मग मी ट्रक बाजूला घेईन, काय चुकलं ते पुन्हा वाचेन, पण ओशाळून हसणार नाही.

प्रोसेसर त्यांनी अजून पुढेच धरला होता, दोन बोटांत, कडांनी. हात घामेजले होते, नेहमीसारखेच. असू देत.