तिरक्या पायावरचे सात महिने

मेट्रोनोम म्हणतात मला, मित्रांनो. संगीत शिकणाऱ्याला लय धरून देणारे, चावीवर चालणारे मी एक जुने लाकडी यंत्र आहे. माझ्या काट्यावर एक छोटे वजन असते. ते वरच्या खाचेत असले की मी संथ टकटकतो आणि एकेक खाच खाली आले की वेग वाढवतो. मला घडवणाऱ्या घड्याळजीने आठ दिवस मला आपल्या घड्याळांशी पडताळून पाहिले आणि मगच विकायला ठेवले. तेव्हापासून मी जरा शेफारलेलाच आहे.

मला विकत घेतले ते पियानोचे सूर लावणाऱ्या एका कारागिराने. त्याने उभा जन्म लोकांचे पियानो सुरात आणले. म्हातारपणी मात्र त्याचेच कान दगा देऊ लागले. वर्षभरात काहीच ऐकू येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याची मुलगी घरीच शिवणकाम करायची. बापाला फार आवडणारी एक चार पानी रचना होती, आणि ती घरात कोणालाच कधी जमली नव्हती. पंचेचाळिशी उलटलेल्या त्या मुलीने मनाशी ठरवले, की बाबांचे कान शाबूत आहेत तोवर ती त्यांना ऐकवायचीच.

तिने घाई केली नाही. रोज दुपारी बाबा कानातले यंत्र काढून झोपले, की ती घरच्या पियानोवर फक्त एक ओळ घ्यायची, तीही सर्वांत संथ खाचेवर. ओळ तीनदा बिनचूक आली, तरच वजन एक खाच खाली. शेजारच्या मावशी हसायच्या, गोगलगायसुद्धा तुझ्या पुढे जाईल म्हणायच्या. ती मला थोपटून म्हणायची, "हसू देत. हा आहे ना माझ्याबरोबर, हा कधी चुकत नाही."

आणि मी चुकत होतो. माझ्या पायांचे ओरखडे पियानोच्या लाकडावर उमटू नयेत, म्हणून पहिल्याच दिवशी तिने माझ्याखाली कापडाची घडी ठेवली होती. घडीची एक कड जाड होती. मी तिरका उभा राहिलो आणि माझा दर दुसरा ठोका किंचित उशिरा पडू लागला. मला ते कळत होते. मी अडून बसलो असतो, तर तिने मला उचलून पाहिले असते. पण कौतुकाची चटक वाईट. सात महिने मी लंगडत चाललो आणि तिचे हात माझ्यामागे लंगडायला शिकले.

एका दुपारी तिने बाबांना समोर बसवून चारही पाने वाजवली.

"हात गोड आहे तुझा," ते म्हणाले. "पण चाल लंगडते, बाळा."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. "माझ्यातच खोट आहे, बाबा. मला नाहीच जमायचं."

ते उठले, वाकून माझ्याजवळ कान आणला, मग खालची घडी ओढून काढली. "खोट इथे होती. आता पहिल्या खाचेपासून पुन्हा."

तिने पुन्हा सुरुवात केली. शिकणे सोपे होते, शिकलेले विसरणे महाकठीण. तीन पाने सरळ झाली आणि बाबांचे कान पूर्ण मिटले. तरी ती थांबली नाही, रोज एक ओळ, एक खाच.

शेवटच्या खाचेच्या दिवशी बाबांनी पियानोच्या लाकडावर तळहात ठेवला आणि नजर माझ्या काट्यावर. ती वाजवत गेली. ते मान हलवत राहिले.

"एकही ठोका चुकला नाही," ते म्हणाले. मग हळूच विचारले, "सूर कसे लागले गं?"

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांना ऐकू येत होते ते महिने मी खाल्ले होते, मित्रांनो.

म्हणून विनवतो, आम्हा यंत्रांना जीव लावा, पण अधूनमधून आम्हाला उचलून, तपासून पाहत जा. आम्ही स्वतःहून काही कबूल करत नाही. मलाही हे बोलायला फार उशीर झाला आहे.