उसनं अंग

नव्या सुनेचं चित्र दिवाणखान्यात लागलं की ती घरची, तोवर आली-गेली. या घराण्याचा रिवाजच तसा. म्हणून नवी सून चार-दोन बैठका मुकाट बसली. पण चित्रकार मानेखाली बघेचना, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

"हात कसे ठेवू?"

"हात नकोत. ते झालेत," तो म्हणाला.

ती तडक उठून चित्रापुढे गेली. निळा रेशमी झगा, मोत्यांचे सर, मांडीवर पंखा, सगळं कधीचंच वाळलेलं. ओला होता तो फक्त तिचा चेहरा. अंग तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं होतं. सासूच्या जाचाला कंटाळून ती बिचारी नेसत्या कपड्यांनिशी निघून गेली होती.

सासूबाई दारातच होत्या. लाज तर त्यांनी कधीच कोळून प्यायलेली.

"एवढं काय बघतेस? खानदानी बाईच्या चित्रात लोक मोती बघतात. सून बदलली म्हणून मोती पुन्हा रंगवायचे की काय?" असं म्हणून त्या पाहुण्यांची तयारी बघायला गेल्या. संध्याकाळी सगळा गोतावळा चित्र बघायला येणार होता.

चित्रकार ओशाळून म्हणाला, "खालचा चेहरा खरवडायचा नाही, वरून पातळ रंग द्यायचा, असं बाईसाहेबांनी बजावलंय. ही पण टिकली नाही, तर पुसायला सोपं जाईल म्हणाल्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंग पुसायचा टर्पेंटाइनचा बोळा उचलून तिनं चित्रातले आपलेच डोळे पुसले, मग नाक, मग ओठ. ओला रंग ओघळला आणि खालून पहिली वर आली. हनुवटी उचललेली, नजर थेट समोर.

चित्रकाराची ओरड ऐकून सासूबाई धावत आल्या नि किंचाळल्या, "अगं सटवे, काय केलंस हे? हिचं थोबाड नकोय मला या घरात! बस परत, मुकाट्यानं बस!"

"नाही बसणार. माझं चित्र काढायचं तर कोऱ्या कापडावर, पायाच्या नखापासून. तोवर हीच राहील."

बाहेर गाड्या थांबल्या. पाहुण्यांचे आवाज जिन्यात आले. सासूबाई दात-ओठ खात म्हणाल्या, "आता तू या घरात कशी नांदतेस तेच बघते."

"बघा की," सून दार उघडायला जाता जाता म्हणाली. "भिंतीवरून तीही बघेल."