दादाचं रॉकेट

देशाच्या पहिल्या मोठ्या रॉकेटचं इंजिन दादाच्या गटाने बांधलं होतं. त्याची धाकटी बहीण त्याच तळावर उड्डाण-सुरक्षेत होती. भरकटलेलं रॉकेट वस्तीवर पडण्याआधी आकाशातच फोडायचं, हे तिचं काम. "मी बांधायचं, हिने मोडायचं. लहानपणापासून हेच चाललंय," असं दादा नव्या लोकांना हसत सांगायचा.

दादाचा जीव खाल्ला होता एका नळीने. इंजिनचं तोंड वळवणारं तेल तिच्यातून जायचं, आणि शेजारच्या टाकीतल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या थंडीने घट्ट व्हायचं. त्याने नळीला वेष्टनं गुंडाळली, तिची वाट बदलली, तेल बदललं. या धबडग्यात त्याचं लग्न लांबत गेलं आणि पुढे विषयच निघेनासा झाला. नळीशीच लावून द्या याचं, असं आई म्हणायची. शेवटी एकदाच्या जमिनीवरच्या सगळ्या चाचण्या पार पडल्या.

उड्डाणाच्या सकाळी रॉकेट सरळ वर गेलं आणि मग किनाऱ्यावरच्या गावाकडे कलायला लागलं. पडद्यावर सुरक्षेची रेषा होती. ती ओलांडली की कुणाला विचारत बसायचं नसतं. धाकटीने बटण दाबलं. तुकडे समुद्रात पडले. गावात कुणाला ओरखडाही उठला नाही.

चौकशीत तिचा निर्णय बरोबर ठरला. पण घट्ट झालेल्या तेलाने अडकलेलं इंजिनचं तोंड अगदी शेवटी पुन्हा वळू लागलं होतं, हेही त्याच चौकशीत निघालं.

अहवाल आला त्या संध्याकाळी जेवताना दादाने विचारलं, "तुला दिसलं होतं, ते वळायला लागलेलं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"रेषा ओलांडली होती, दादा."

त्याने मान हलवली. "बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं." आणि भरल्या ताटावरून उठला.

तो भांडला असता तर एव्हाना मिटलंही असतं. भांडला नाही. नळीला ऊब देणारी नवी रचना त्याने पुरी करून दिली, राजीनामा दिला आणि आईला घेऊन दुसऱ्या शहरात शिकवायला गेला.

पुढचं रॉकेट त्याच रचनेवर उडालं आणि उपग्रह कक्षेत पोचला. नियंत्रण-खोलीत सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. धाकटी बाहेर व्हरांड्यात आली, तिने घरी फोन लावला. आईने उचलला.

"दादाला दे ना."

"झोपलाय गं तो."

मागे टीव्हीवर उड्डाणाचीच बातमी चालू होती. त्या घरात दोघंच राहायची. आई बोलत असतानाच कुणीतरी आवाज कमी केला.