ईश्वरकाकांनी न वाचलेलं पान

परदेशात, फ्रिस्को शहरात नव्याने आलेल्या पोरांना घर, गाडी, बँक असलं काहीही करायचं असलं की ती ईश्वरकाकांकडे जात. काका सगळ्यांचे फॉर्म भरून देत आणि वर एकच उपदेश करत, "कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही." हॉलमधल्या रविवारच्या बुद्धवंदनेनंतर पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करत, ते काकांना फार आवडे. ऑफिसात त्यांच्या नावाचा धड उच्चारही कुणी करत नसे. इथे मात्र त्यांच्या शब्दाला वजन होतं.

म्हणूनच उपासना कागद घेऊन आली तेव्हा ते वरमले. पीएचडी करणाऱ्या या मुलीने दोन वर्षांपूर्वी गाडीसाठी पर्सनल लोन काढलं होतं, त्यावर जामीन म्हणून सही काकांची. बँकेतल्या बाईने सोबत हप्त्यांचा विमा पुढे केला होता. काम सुटलं तर हप्ते विमा कंपनी भरेल, शिवाय विमा घेतला तर लोनही पटकन मंजूर होईल, असं ती म्हणाली. शेजारी बसलेले काका म्हणाले होते, "घे गं, बरं असतं." या उन्हाळ्यात तिचं विद्यापीठातलं काम खरंच सुटलं आणि कंपनीने हात वर केले. विमा आठवड्याला तीस तास काम करणाऱ्यांसाठीच होता, आणि विद्यार्थी व्हिसावर सुट्ट्या सोडल्या तर वीस तासांच्या वर काम करता येत नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो तिच्या काडीच्या कामाचा नव्हता. हे सातव्या पानावर स्पष्ट छापलेलं होतं.

"काका, प्रीमियमचा रिफंड मागतेय. लेटर ड्राफ्ट केलंय, जरा चेक करता?"

पत्रात बँकेतली बाई होती, विमा होता, तीस तास होते. काका कुठेच नव्हते.

"मी तिथे होतो हे का नाही लिहिलंस?"

ती चुळबुळली. "तुमचं नाव कशाला उगाच? लोक काय म्हणतील, काका."

"अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? बाई काय बोलली त्याला दुसरा साक्षीदार आहे कोण?"

बोलले खरे, पण पेन हातात घेतल्यावर पहिलं वाक्य त्यांनी दोनदा खोडलं. त्यांना लाज वाटत होती, आणि बाईपेक्षा स्वतःचाच राग जास्त येत होता. त्या दिवशी बँकेत बाई त्यांना 'सर' म्हणाली होती, कॉफी विचारली होती. तिच्यासमोर पानं उलटत बसणं त्यांना बरं वाटलं नव्हतं. शेवटी त्यांनी वेगळं पत्र लिहिलं: मी हजर होतो. विम्याने लोन लवकर मिळेल असं आम्हाला सांगितलं. विमा घे, असं मीच म्हणालो. मी कागद वाचला नव्हता.

सहा आठवड्यांनी प्रीमियमचे सगळे पैसे परत आले. उपासना पेढे घेऊन आली. "तुमच्या लेटरचं मी कुणाला सांगणार नाही हं, काका," ती हळूच म्हणाली.

त्या रविवारी वंदना संपल्यावर काका स्वतःच उभे राहिले. "तुमच्यापैकी नऊ जणांच्या लोनवर माझ्या सह्या आहेत. एकही कागद मी पूर्ण वाचलेला नाही. संध्याकाळी फायली घेऊन घरी या." काकांचे कान तापले होते.

संध्याकाळी नऊच्या नऊ जण आले. काका चष्मा लावून पहिली फाइल उघडणार, तोच अंजनाकाकूंनी कपाटातून दहावी फाइल आणून वर ठेवली. स्वयंपाकघर नवं करायला काकांनी त्याच बँकेतून काढलेल्या लोनची.

"आधी ही," काकू म्हणाल्या. "पान सात."