कलम आणि मनगट

माझा धाकटा भाऊ भगवंत याच्यासारखा संत्र्याचा डोळा, म्हणजे कलमाचा कोंब, बांधणारा माळी वरूडपासून अमरावतीपर्यंत दुसरा नव्हता. जन्मभर मी त्याची खरडपट्टीच काढत आले, तेव्हा हे कौतुक खरं समजायला हरकत नाही. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटात डोळा बसवायचा, केळीच्या सोपटानं बांधायचा आणि फुटवा येईपर्यंत कुणाला बोट लावू द्यायचं नाही, हा त्याचा धर्म. अशा माणसाच्या बायकोचं मनगट मोडलं आणि तिथेच घोळ झाला.

माझी भावजय वच्छला संत्री तोडताना शिडीवरून पडली, ती नेमकी हातावर. हाडवैद्यानं ओढून पाहिलं, पण हाड काही बसेना, आणि बोटं बधिर व्हायला लागली. वच्छलाचा सगळा जीव त्या बोटांत. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ती बसली की बघता बघता हार तयार. तिच्या हारांसाठी लग्नघरची माणसं बागेत येऊन बसत. निरोप मिळताच मी अकोल्याहून गाडी धरली. मला बघून ती एवढंच म्हणाली, "अक्का, बोटं गेली तं मी कायची उरली वं?"

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर रविकांत यांनी हाताच्या हाडांचा फोटो काढला. चंद्रकोरीसारखं एक हाड जागा सोडून पुढे आलंय, शेजारचं मोडलंय आणि हे सरकलेलं हाड बोटांच्या शिरेवर बसलंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. ओढून भागणार नव्हतं, चीर द्यावी लागणार होती. क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी मनगट उघडलं, हाड जागेवर बसवलं आणि बारीक तारेनं धरून ठेवलं. तोवर भगवंत बाहेर कडुलिंबाखाली बसून मातीत रेघोट्या ओढत होता. पलिस्तर चढल्यावर डॉक्टर त्याला म्हणाले, "मनगट मुळीच हलता कामा नये, माळीबुवा. पण बोटं मोकळी ठेवलीत, ती दिवसभर हलवायची. नाहीतर आखडतील."

भगवंतानं मान डोलावली. घरी आल्यावर मात्र त्यानं स्वतःची अक्कल चालवली. हाडाला हाड जोडायचं म्हणजे कलमच की! मग शेजारची बोटं तरी काहून हलवायची? त्यानं जुन्या धोतराची मऊ पट्टी घेतली आणि वरून सोपट लावून बोटं पार नखांपर्यंत बांधून टाकली. बांधणी काय सुरेख, मीसुद्धा वाहवा केली. झक मारली!

तिला तो घासही स्वतःच्या हातानं भरवायचा. तिची वेणीसुद्धा घालायचा. पहिली वेणी दावणीच्या दोरासारखी झाली, पण पुढे हात बसला. वेशीपर्यंत बायका हसायच्या. वच्छला लाजून लाल व्हायची, पण डोकं काही मागे घ्यायची नाही. नवऱ्यानं बायकोचं एवढं कौतुक केलेलं मी कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ती पट्टी पाहिली. "हे कुणी बांधलं?"

"मीनंच," भगवंत छाती काढून म्हणाला.

पट्टी सुटली. बोटं सुजलेली, लाकडासारखी ताठ. डॉक्टर कडाडले, "मी जागेवर बसवलेलं हाड टिकलंय. पण ही बोटं आता वळली नाहीत, तर तुमच्या मायेनं हिचा हात गेला म्हणून समजा!"

घरी येऊन भगवंत मला म्हणाला, "बाई, ज्या हातानं मी एवढी झाडं जगवली, त्याच हातानं हिचा हात मारला." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी म्हटलं, "रडून राहिला काहून? हलव तिची बोटं!"

त्याच्यानं ते होईना. ती "आई गं" म्हणाली की हा हात सोडायचा. मी जबरदस्ती केली की दोघं मिळून माझ्यावरच डोळे काढायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

एके सकाळी भगवंत शेवंतीची टोपली घेऊन तिच्यासमोर बसला. पायाला दोरा अडकवून हार करायला लागला. अशी गाठ आवळायचा की फुलाची मान तुटून पडायची. टपाटप मुंडकी पडत होती. वच्छला बघत राहिली, तोंड फिरवलं, पुन्हा बघितलं.

"अवो, कापून राहिले का बांधून राहिले? आना इकडं!"

तिनं दोरा ओढून घेतला. अंगठा हलला, मागून तर्जनी थरथरत वाकली. वेदनेनं डोळे भरले, पण एक गाठ बसली. त्या दिवसापासून भगवंत रोज सकाळी फुलं नासायला बसायचा आणि ती त्याला शिव्या देत त्याचं काम सुधारायची. पलिस्तर निघालं, तारही निघाली. मनगट पूर्वीसारखं मागे वळलं नाही, पण मूठ पुरती मिटली.

मी अकोल्याला परतायच्या दिवशी परसात गेले, तर भगवंत एकटाच हार करत होता. बोटं भराभर चाललेली, एक पाकळी दुमडलेली नाही. मला बघताच त्यानं हार टोपलीखाली सारला. "तिले सांगू नको, बाई. तिले वाटते मले जमत नाही."

वच्छला मला टांग्यापर्यंत सोडायला आली. मला राहवेना. "अवं, तुह्या नवऱ्याले हार करता येते."

"मले काय समजत नाही, अक्का? डोळा बांधणाऱ्या मानसाले फुलाची गाठ येत नाही व्हय?"

"मग त्याले सांगत काहून नाही?"

तिनं मागं वळून पाहिलं. भगवंत ओसरीवर फणी घेऊन तिची वाट बघत बसला होता.

"त्यायले वाटते, माहा हात अजून वेणीपर्यंत पोचत नाही," ती म्हणाली, आणि लगबगीनं घराकडे निघाली.