डोळावाल्या कंपनीचा शेअर

शेजारची पुष्पाबाई म्हणाली, "मंदे, पद्मालयाला जाऊन नारळ फोड. नवऱ्याचा हात वाचला तुझ्या." मी म्हटलं, आम्ही बौद्ध माणसं, आमच्यात नवस-सायास नाही. तुझ्या गणपतीशी माझं भांडण नाही बाई, पण प्रेस थांबवली ती त्या डोळ्याने. उपकार मानायचे तर डोळा करणाऱ्याचेच मानीन.

शिरपूरला झुलालशेठच्या जिनिंगमध्ये हे, म्हणजे माझ्या विशाखाचे बाबा, कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसवर होते. प्रेसच्या तोंडाशी नाशिकच्या एका कंपनीने उजेडाचा डोळा बसवलेला होता. त्याच्या आड काही आलं की प्रेस जागच्या जागी बंद. दिवाळीनंतर एकदा यांची बाही कापसात अडकली आणि उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. प्रेस थांबली. हात बाहेर आला तो नुसता खरचटलेला. मी धावत गेले, तर हे निवांत बिडी मागत होते. मी तिथेच सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.

ते चौऱ्याण्णव साल. जो तो शेअरचे फॉर्म भरत सुटला होता. पेपरात आलं की तीच नाशिकची कंपनी शेअर काढते आहे. मी म्हटलं, झालं! ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या विकून विशाखाच्या नर्सिंगसाठी पैसे साठवले होते, ते सगळे तिकडे घालायचे. उपकारही फिटतील आणि पोरीचे पैसेही वाढतील.

"तू येडी व्हई गई का?" हे म्हणाले. "त्या पोरना पैसा शेतस."

"तुमचा हात तुमच्यापाशी आहे ना? मग गप बसा."

तडक एस.टी.ने धुळ्याला गेले. तिथे लीलाधरभाऊ शेअरचे फॉर्म भरून द्यायचे, फॉर्मामागे त्यांना दलाली मिळायची. मला वाटलं, माणूस खूश होईल. त्याने पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

"ताई, कंपनी काय करते?"

"डोळा करते. माणसाचा हात वाचवते. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"ते झालं यंत्राचं. शेअर घेतला म्हणजे तुम्ही धंद्यात भागीदार. एकदा डोळा घेतलेला माणूस त्यांच्याकडून पुन्हा काय घेतो, एवढं तुमच्या शेठला विचारा. मग या. फॉर्म कुठे पळून जात नाही."

मी अशी भडकले! "बाईमाणूस बघून शाळा घेता काय माझी?" म्हटलं, आणि समोर आलेला चहा न पिता उठले. शिरपूर येईपर्यंत तोंडातल्या तोंडात त्यांना शिव्या घालत होते. आज त्यांचं नाव निघालं की हात जोडावेसे वाटतात. स्वतःच्या पोटावर पाय देऊन त्या माणसाने मला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी रागारागानेच झुलालशेठला गाठलं.

"पुन्हा? पुन्हा कशाला घेऊ?" शेठ म्हणाले. "बसवला त्याला आठ वर्षं झाली, एकदा बिघडला नाही. एक नंबर माल, मंदाबाई!"

"आणि बाकीचे जिनवाले?"

"सगळ्यांनी एकेकदा घेतला. आता शिरपुरात डोळा बसवायला प्रेसच उरली नाही."

शेठ तोंड भरून कौतुक करत होते आणि मी मनात माझ्या बिबड्यांचा हिशेब मांडत होते. लोक माझ्या बिबड्या खातात, संपवतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात परत माझ्याच दारात येतात. एकदा घेतलेली बिबडी आठ वर्षं पुरली असती, तर मी काय खाल्लं असतं? ज्या गुणाने यांचा हात वाचला, त्याच गुणाने ती कंपनी गिऱ्हाईक गमावत होती. अगं बाई गं, आणि मी पोरीचं शिक्षण तिथे गहाण टाकायला निघाले होते!

फॉर्म भरला नाही. विशाखा जळगावला नर्सिंगला लागली. पैसे जागी लागले, पण मला चैन पडेना. उपकार तसाच राहिला होता.

पुढे एकदा नाशिकचा इंजिनियर नवा डोळा दाखवायला जिनिंगवर आला. शेठने चहा पाजून वाटेला लावला. मी यांचा डबा घेऊन गेले होते, फाटकातच त्याला अडवलं.

"तुमच्या कंपनीचा शेअर मी घेतला नाही."

तो बिचकला. "का हो मावशी?"

"तुमचा माल फार चांगला आहे म्हणून!"

तो हसला. "आमचे साहेब तेच म्हणून डोकं धरून बसतात."

मग मी त्याला यांच्या हाताचं सांगितलं. बाही अडकली, प्रेस थांबली, सगळं. म्हटलं, "शेअर नाही घेतला बाबा, पण माझं घर तुमच्यामुळे उभं आहे. तेवढं ऐकून जा."

त्याचं हसू गेलं. "मावशी, आम्हाला फोन येतो तो यंत्र बंद पडल्यावरच. वेळेवर थांबलं, हे आजवर कुणी कळवलंच नाही." इकडेतिकडे बघत म्हणाला, "मी भेटू शकतो का त्यांना?"

हे जेवायला बाहेर आले. त्या पोराने यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं चाचपली. हे लाजून चूर.

"काय देखी राहिना भाऊ? काहीच नही व्हयनं."

"तेच बघतोय बाबा," तो म्हणाला, आणि हात काही सोडेना.